दोन कोट

आबा,

काल सकाळी तुमचा फोन वाजला. मी तो अजून चालूच ठेवलाय, बंद करायला हात होत नाही. पलीकडून कासुर्डीची एक बाई बोलत होती. "गळतीवालं आबा हायत का?" मी म्हणाले, नाहीत. "मग कवा येत्याल?" तुम्ही गेलात त्याला बावीस दिवस झाले, हे तिला सांगावंच लागलं. ती मग म्हणाली, "अगं बाई! आन् माझ्या देवघरावरचं पानी आता कुणाला दावू?" असं बोलून गेल्याची तिलाच लाज वाटली असावी, कारण पुढची दहा मिनिटं ती फक्त तुमच्याबद्दल बोलत राहिली. मागं एकदा तुम्ही तिच्या गच्चीवर पोतं अंथरून, स्लॅबला कान लावून पडला होतात म्हणे, भर उन्हात. मी विचारलं, कशाला? "आयकत हुतं, पानी कुठनं जातंय त्ये." एवढं बोलून ती हसली आणि मग रडली.

पेपरात द्यायचा मजकूर तुमच्या मुलानं लिहिला. नाव, गाव, मागे पत्नी, मुलगा, सून, नात. सगळं बरोबर होतं आणि त्यात तुम्ही कुठेच नव्हता. म्हणून मी हे लिहायला बसलेय. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी गहू निवडतायत. काय लिहितेस विचारलं, तर मी म्हटलं, आबांना पत्र. त्या म्हणाल्या, "लिही. पर त्यांना म्हणावं, चष्मा हितंच राहिलाय."

तुम्ही आधी कोब्याचे मिस्त्री होता, गच्चीवर विटांचे तुकडे आणि सिमेंट चोपून बसवायचात. नंतर केमिकलचे डबे आले आणि तुम्ही वॉटरप्रूफिंगवाले झालात. वरवंडपासून पार शिरूरपर्यंत ज्यांच्या घरात पाणी टपकायचं ते सगळे तुम्हांला ओळखायचे. "पानी गळतं तिथं शिरत नसतंय," हे तुमचं ठरलेलं वाक्य. लोक ओल्या भिंतीकडे बोट दाखवायचे आणि तुम्ही पाठ फिरवून भलत्याच कोपऱ्याकडे चालू लागायचात.

माझी तुमची ओळख झाली तीही पाण्यावरूनच. मला बघायला आलात तेव्हा सगळ्यांनी विचारलं, भाकरी येते का, शेतातलं काही येतं का. पुण्यात मी तीन वर्षं स्पॅनिश शिकले होते, ते माझ्या वडिलांनी जरा दबक्या आवाजात सांगितलं, जणू मला एखादा जुना आजार होता. तुम्ही कपबशी खाली ठेवून विचारलंत, "त्या भाषेत पान्याला काय म्हणत्यात?"

"आग्वा," मी म्हणाले.

"आग? पान्याला आग म्हणत्यात?" तुम्ही इतके मनापासून चकित झाला होतात की मी मान खाली घालायची विसरून हसले. नंतर कळलं, घरी जाताना तुम्ही गाडीत म्हणालात, हीच पोरगी करायची. कारण विचारलं तर म्हणालात, "हसती चांगली."

लग्न झालं, ओवी झाली, आणि माझी स्पॅनिशची सर्टिफिकेटं कपाटात साड्यांच्या खाली गेली. कुणी मला अडवलं नव्हतं, हे खरं सांगते. वरवंडमध्ये स्पॅनिश बोलायची कुणाशी? सहा वर्षांत मी त्या भाषेतलं एक वाक्य तोंडातून काढलं नाही.

आणि एका संध्याकाळी तुम्ही तो डबा घेऊन आलात.

रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कँटीनच्या स्लॅबचं काम तुम्हांला मिळालं होतं. माल कंपनीनंच बाहेरच्या देशातून मागवलेला. रिकामा डबा तुम्ही मोटरसायकलला बांधून घरी आणलात, पुसून स्वच्छ केलात आणि चुलीपाशी माझ्यासमोर ठेवलात. "ह्यात तुझी भाषा कुठली, दाव बरं."

लेबलावर सहा भाषा होत्या. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. मी बोट ठेवून वाचायला लागले. इंग्रजीत इम्परमिएबल. स्पॅनिशमध्ये अगदी तेच स्पेलिंग, पण म्हणायचं इम्पेर्मेआब्ले. फ्रेंचमध्ये एका अक्षरावर तिरकी रेघ. इटालियनमध्ये इम्पेर्मेआबिले, पोर्तुगीजमध्ये इम्पेर्मेआवेल, रोमानियनमध्ये इम्पेर्मेआबिल. अर्थ सगळ्यांचा एकच, पाणी आत न जाऊ देणारं.

तुम्ही खाली मांडी घातलीत. "सगळ्यांचा शब्द एकच? म्हंजी ह्ये भावकीतलं हायत का?"

"भावकीच आहे, आबा. इंग्रजी सोडून. तिनं तो शब्द घेतलाय. बाकी सगळ्यांची आई लॅटिन."

"आन् भावकी आसून एका शब्दावर एकमत?" तुम्ही आत्यांकडे बघितलंत. "ऐकलं का गं? हितं बांधावरनं आपलं पन्नास वर्सं जमंना."

मग मी तुम्हांला तो शब्द फोडून दाखवला. 'पेर' म्हणजे आरपार. 'मेआरे' म्हणजे जाणं. पुढचं 'इम' म्हणजे नाही. तुम्ही ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघितलंत. "म्हंजी पान्याला सांगितलंय, बाबा रे, आरपार जाऊ नगंस. बराबर हाय. आमी बी त्येच सांगतो, पर त्ये ऐकत न्हाई."

त्या रात्री जेवताना तुम्ही पाच शब्द पाठ केलेत. फ्रेंचचा तेवढा नाकात अडकला, म्हणून सोडून दिलात. आज एक कबूल करते, आबा. रोमानियनचा उच्चार मला येत नव्हता. तुम्ही इतक्या आशेनं बघत होतात की मी तो अंदाजानं ठोकून दिला. तुम्ही पुढची कितीतरी वर्षं तो केडगावपासून न्हावऱ्यापर्यंत छातीठोकपणे सांगत फिरलात. कुणी रोमानियाचं भेटलं नाही म्हणून वाचलो.

कारण तुम्ही तो शब्द घरात ठेवलाच नाहीत. गिऱ्हाइकाला सांगायचात, "मालक, ह्ये इम्पेर्मेआबिले हाय. इटलीत बी ह्येलाच म्हणत्यात." आणि त्या कारखान्यात स्पेनहून एक मशीन बसवायला आलेला राऊल नावाचा तंत्रज्ञ होता, त्याला तर तुम्ही रोज सकाळी हाक मारायचात. तो खालून जायचा, तुम्ही कँटीनच्या गच्चीवरून हात वर करून ओरडायचात, "इम्पेर्मेआब्ले! इम्पेर्मेआब्ले!" तोही हात हलवायचा. तुम्हांला वाटायचं, त्याला आपल्या कामाचं कौतुक आहे.

मला खरी गोष्ट नंतर त्याच्याकडूनच कळली. स्पॅनिशमध्ये इम्पेर्मेआब्ले म्हणजे रेनकोटसुद्धा. रोज सकाळी लख्ख ऊन पडलेलं असताना एक पांढऱ्या मिशीचा माणूस गच्चीवरून आपल्याला रेनकोट, रेनकोट म्हणून ओरडतो, असं त्याला दिसत होतं. त्याची समजूत झाली की हा माणूस रेनकोट विकतो आणि फारच चिकाटीचा आहे.

मग नवरात्रातला तो पाऊस आला. दोन शेडच्या मधलं पटांगण गुडघाभर भरलं. राऊलला पलीकडच्या शेडमध्ये जायचं होतं. तो धावत कँटीनच्या वळचणीला आला, तुम्हांला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "इम्पेर्मेआब्ले!" तो म्हणाला. आभाळाकडे बोट केलं. मग स्वतःच्या डोक्यापासून पायापर्यंत दोन्ही हात फिरवून दाखवले.

तुम्ही घरी आल्यावर त्यानं हात कसे फिरवले ते करून दाखवायचात. "आता मला सांग मनीषा, डोस्क्यापासनं पायापातुर म्हंजी काय समजायचं? मी समजलो, वरच्या स्लॅबपासनं पायापातुर अख्खी बिल्डिंग करायची हाय!"

मालाचे दोन थर द्यायचे ना, याची खात्री करून घ्यायची म्हणून तुम्ही दोन बोटं वर केलीत. "दोन कोट?"

राऊलला इंग्रजी जेमतेम यायचं, पण कोट म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. त्याला स्वतःला एक हवा होता आणि त्याच्याबरोबर स्पेनहून आलेल्या जोडीदाराला एक. "येस! टू कोट! टू कोट!" त्यानं तुमचा हात हातात घेऊन हलवला.

काम ठरलं. तुम्ही भर पावसात मोटरसायकल काढून शिरूरला गेलात. दोन तासांनी टेम्पोतून वीस-वीस लिटरचे आठ डबे, ब्रश आणि दोन मिस्त्री घेऊन परत आलात. राऊल तोवर वळचणीलाच उभा होता. त्यानं टेम्पो बघितला, डबे बघितले, तुम्ही मोठ्या तोऱ्यात झाकण उघडलंत तेव्हा त्यानं आत वाकून बघितलं. मग तो हे अंगाला फासायचं का, अशा खुणा करू लागला. तुम्ही म्हणालात, "न्हाई न्हाई, भिंतीला." ऑफिसातले साहेब आले. कुणाला काही उमगेना. मोबाइलवरचं भाषांतर तिथं चालायचं नाही, इंटरनेट पोचायचं नाही; साधा फोन तेवढा गेटपाशी लागायचा. तेव्हा तुम्ही सगळ्यांना घेऊन गेटपाशी गेलात आणि मला फोन लावलात.

माझे हात भाकरीच्या पिठात होते. ओवीनं फोन माझ्या कानाला धरला. "मनीषा, ह्येच्याशी बोल. ह्येला बिल्डिंग करायची हाय का न्हाई, इचार." मी काही म्हणायच्या आत पलीकडून सहा वर्षांनी स्पॅनिश ऐकू आलं, धो धो. पहिलं वाक्य मला कळलंच नाही. दुसऱ्यातलं 'मोखादो' कळलं, म्हणजे भिजलेला. मी म्हटलं, जरा सावकाश बोला. हे मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, आबा! कुठून आलं ते तोंडात, देव जाणे. मग त्यानं सावकाश सांगितलं की तो अंगात घालायचा कोट मागतोय आणि हे गृहस्थ त्याला रंग देतायत.

मी तिथंच चुलीपुढं बसून इतकी हसले की आत्या धावत आल्या, त्यांना वाटलं काहीतरी विपरीत घडलं. तिकडे फोन स्पीकरवर होता. मी आधी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं, मग तुम्हांला आपल्या. मग तुमचा आवाज आला, "आरं तिच्या मारी! त्यो कोट व्हय!" आणि मग तुम्ही, राऊल, साहेब, मिस्त्री, सगळ्यांचं हसणं एकदम ऐकू आलं.

गोष्ट इथं संपली असती. लोकांनी गावभर सांगून हसण्यासारखी झाली असती आणि तशी ती झालीही. पण त्या साहेबांनी तुम्हांला विचारलं, ह्या बाई कोण? तुम्ही म्हणालात, माझी सून. ते म्हणाले, आमचं मशीन भाषेपायी अडलंय, त्या येतील का? आणि तुम्ही मला न विचारता, आत्यांना न विचारता, तुमच्या मुलाला न विचारता म्हणालात, "येईल की. सोमवारपासनं."

घरी आल्यावर आत्यांनी तुम्हांला चांगलंच फैलावर घेतलं. "आन् ओवीला कोण बगंल? मला दिवसभर गोठा आन् शेत."

"मी बगंन."

"तुमी? तुमी तर सकाळपासनं लोकांच्या डोस्क्यावर आस्ता."

"बगंन म्हणलं ना." तेवढंच. वर हसून त्यांना म्हणालात, "तुज्या सुनेनं आज फोनवर काय सुनावलंय गं! एक अक्षर कळलं न्हाई, पर लई भारी."

सोमवारी, त्या एका दिवसापुरतं ओवीला आत्यांकडे सोपवून, तुम्हीच मला मोटरसायकलवर घेऊन निघालात. चौफुल्यावर ओळखीचे लोक बघत होते, सासऱ्याच्या मागं सून बसून कुठं निघाली म्हणून. तुम्ही मुद्दाम हॉर्न वाजवून प्रत्येकाला सांगत होतात, "रांजणगावला चाललोय, मॅडमला सोडायला." भीमेच्या पुलावर मी म्हटलं, आबा, परत फिरू या. मला काही आठवत नाही. वाऱ्यामुळं ऐकू आलं नाही असं तुम्ही दाखवलंत.

सकाळ फार वाईट गेली. यंत्रांचे शब्द मला ठाऊकच नव्हते. राऊल बोलायचा, सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी वहीत बघायचे. जेवणाच्या सुट्टीत मी गेटबाहेर आले तर चहाच्या टपरीवर तुम्ही बसलेले. सकाळी आठपासून तिथंच होतात. मला रडू फुटलं. "मला जमत नाही, आबा. घरी जाऊ."

तुम्ही चहा पुढं केलात. "त्या राऊलला मराठी येतंय का?"

"नाही."

"हिंदी?"

"नाही."

"मग हितं त्यो तुज्यापेक्षा अडाणी हाय. त्यो रडतोय का? चहा पी आन् जा."

हे ऐकून मी परत आत गेले. दुपारी एक फिटर दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ह्यो रोज म्हणतो, आठ इथं, आठ इथं. आमी आठ जण यून हुभं ऱ्हातो, तरी भडकतो. आजून किती माणसं पाहिजेत ह्येला?"

मी राऊलला विचारलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आथेइते!" आथेइते म्हणजे तेल, आबा. आठवडाभर तो बिचारा मशीनला तेल द्या, तेल द्या म्हणून ओरडत होता आणि आठ माणसं येऊन ओळीनं उभी राहत होती. मी मराठीत सांगितलं, बिहारच्या मुलांना हिंदीत सांगितलं, आणि पुढची पाच मिनिटं त्या शेडमध्ये काम बंद पडलं, कारण उभं राहून हसता येईना. तेल घातलं. मशीन फिरलं. त्या दिवशी परत येताना पुलावर मी तुम्हांला ही हकिकत सांगितली आणि तुम्हांला गाडी बाजूला घ्यावी लागली.

राऊल तीन महिन्यांनी गेला. जायच्या आधी तो वरवंडला आपल्या घरी जेवायला आला, ठेचा खाऊन लालबुंद झाला आणि त्यानं तुम्हांला एक पिवळाधमक रेनकोट दिला. तुम्ही तो बाजाराच्या दिवशी, कडक उन्हात, अंगात घालून भाजी आणायला गेलात. कुणी विचारलं तर सांगायचात, "इम्पेर्मेआब्ले हाय." घामानं आतून चिंब होऊन परत आलात. आत्या म्हणाल्या, "बाहीरचं पानी अडवलं, आतल्याचं काय?"

त्यानंतर मला काम मिळतच गेलं. कधी कारखान्यात, कधी घरी बसून पुस्तिकांची भाषांतरं. आणि त्यातूनच आपला तो वाद सुरू झाला, जो आता अर्धाच राहिला. एका पुस्तिकेत मी इम्पेर्मेआब्लेला 'जलरोधक' लिहिलं. तुम्ही वाचलंत आणि वही खाली ठेवलीत.

"ह्ये कुणाला कळंल?"

"शुद्ध मराठी आहे, आबा."

"वॉटरप्रूफ लिही की. माझ्या आईला कळायचं वॉटरप्रूफ."

मी म्हटलं, त्या सगळ्या भाषांनी आपापला शब्द जपलाय, आपणही जपायला नको? तुम्ही म्हणालात, "त्यांनी तरी कुठं सोताचा केला? त्यांनी बी उसनाच घेतला की."

"आईकडून घेतलेलं उसनं नसतं."

तुम्ही थोडा विचार केलात. "मग शेजाऱ्याकडनं आणलेलं बी एकदा खाल्लं की आपल्याच अंगी लागतं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही तडजोड म्हणून स्वतःच एक शब्द काढलात. मिस्त्री लोक म्हणतात ना, स्लॅब पाणी पितोय, तर मग लिही, 'पाणी न पिणारा स्लॅब'. आत्या लगेच म्हणाल्या, "म्हंजी निर्व्यसनी स्लॅब!" त्यावर वाद हसण्यात बुडाला, पण मिटला नाही. दर दोन-चार महिन्यांनी तुम्ही उकरून काढायचात. माझी बाजू मला अजून पटते, आबा. तुमचीही पटते. आता दोन्ही बाजू मला एकटीलाच मांडाव्या लागतात.

आता जे बोलायचं राहिलं ते.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुम्हांला शिडी चढायला बंदी केली. छातीचं दुखणं होतं, ते बरोबरच सांगत होते. तरी तुम्ही शेजारच्या गच्चीवर सापडलात. मी भररस्त्यात तुमच्यावर ओरडले, "आता तुमचं काम संपलं, आबा! कळत कसं नाही?" तुम्ही शिडीवरून हळूहळू उतरलात. "बरं," म्हणालात आणि घरात गेलात. ब्रश धुऊन, वाळवून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेत. मला एका शब्दानंही उलट बोलला नाहीत.

दिवसभर मी शब्दांचंच काम करते. एका शब्दासाठी तास तास घालवते. आणि तुमच्यासाठी नेमका 'संपलं' हा शब्द माझ्या तोंडी आला.

दहाव्याच्या दिवशी तुमचे जुने जोडीदार लक्ष्मण मिस्त्री मला म्हणाले, "आबानं सातेक वर्सांमागंच लांबची कामं सोडली. नगर रोडची मोठी मोठी कामं यायची, न्हाई म्हणायचा. चार वाजता नातीला शाळंतनं आणायची आस्ती म्हणायचा." घरी तुम्ही आम्हांला सांगितलं होतं, गुडघे दुखतात म्हणून लांब जात नाही. मी तर तुमच्या गुडघ्यांना तेलही आणून दिलं होतं. ती बाटली मी परवा माळ्यावर बघितली. भरलेली.

मी तुम्हांला कधी आभार मानल्यासारखं काही म्हटलं नाही. आपल्यात सासऱ्याला तसं म्हणायची रीत नाही, आणि तुम्ही ते ऐकूनही घेतलं नसतं. पण निदान ते 'संपलं' परत घ्यायला हवं होतं. रोज वाटायचं, आज बोलू. तुम्ही त्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेलात, चहा पिऊन झाल्यावर, इतके शांत की ओवीला वाटलं तुमचा डोळा लागलाय.

बरोबर होतं माझं रागावणं, चूक होता तो शब्द. हे आज तुम्हांला सांगून टाकते.

तेराव्याला केंदूरहून एक शिक्षिका आल्या. कुणाच्या ओळखीच्या नव्हत्या. त्यांनी सांगितलं, गेल्या पावसाळ्यात त्यांच्या शाळेच्या दोन वर्गांचं छत गळत होतं. ते दुरुस्त करायला हिवाळ्यात तुम्ही तिथं तीन दिवस होतात. मी घाबरून विचारलं, गच्चीवर? "नाही हो. खाली अंगणात खुर्ची टाकून बसायचे. वर मिस्त्री, खालून आबा. 'त्या कोपऱ्यात बघा, पायपापाशी बघा.' काम झाल्यापासून एक थेंब नाही." आम्हांला तुम्ही सांगितलं होतं, पाहुण्यांकडे चाललोय. तीन दिवस! आणि मी खुशाल तुमच्या डब्यात चटणी-भाकरी बांधून देत होते.

"मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्याभोवती जमायची," बाई म्हणाल्या. "त्यांनी पोरांना परदेशातले शब्द शिकवले. आणि सांगितलं, माझी सून येऊन पुढचं शिकवंल. मी शब्द दिला म्हंजी ती येती. पोरं तेव्हापासून विचारतायत. हे विचारायची आज वेळ नाही, मला कळतंय, पण..."

मला न विचारता. पुन्हा एकदा.

तर गेल्या शनिवारी मी केंदूरला गेले. सकाळची शाळा होती. चाळीस पोरं, जमिनीवर पट्ट्या अंथरून बसलेली. मला वाटलं होतं, रडू येईल. पण पोरांनी तेवढी उसंत दिली नाही. म्हणाली, घरातली माणसं शिकवा. मी फळ्यावर 'माद्रे' लिहिलं, म्हणजे आई. ते ठीक झालं. मग विचार न करता 'पाद्रे' लिहिलं, म्हणजे वडील, आणि वर्ग कोसळला. मागच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. एक मुलगी मात्र रागानं उभी राहिली. "हसताय काय? आमच्या चर्चमधे पाद्रीसायेब हायत!" मी म्हटलं, बरोबर, तो शब्द याच घरातला आहे. ती ऐटीत खाली बसली.

मग कुणीतरी विचारलं, "आन् आजोबा?"

मी लिहिलं, 'आबुएलो'. शेकडो वेळा वाचलेला, लिहिलेला शब्द, आबा. मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं, कारण मी तो नेहमी त्यांच्या लिपीत लिहीत आले. पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी फळ्याकडे बोट दाखवून अक्षर अक्षर लावत होती. "आ... बु..." आणि एकदम किंचाळली, "बाई! ह्ये तर आबाच हायत की! आपलं खुर्चीवालं आबा!"

"आबुएलो!" एकानं हाक मारल्यासारखं छताकडे बघून ओरडलं. मग दुसऱ्यानं. मग चाळीसच्या चाळीस पोरं उभी राहून, माना वर करून तुम्हांला हाका मारायला लागली. शेजारचा वर्ग दारात गोळा झाला. हेडमास्तर काय झालं म्हणून धावत आले आणि माझ्याकडे बघू लागले. मला त्यांना काही सांगताच येईना. मी फळ्याला पाठ टेकून हसत होते, आबा. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.